रांगेच्या पुढच्या टोकाला

१४ एप्रिल

नाव दिलं. अर्ज रूथच्या टेबलावर ठेवला आणि तिने मान वर करायच्या आत स्वयंपाकघरात निघून आले. तिथे माझं काहीच काम नव्हतं. उगाच कांदे निवडत बसले.

रूथ आमच्या कॅम्पची मॅनेजर. राजधानीची, लुसाकाची, माझ्याहून बारा वर्षांनी लहान, मनाने चांगली. पाच मिनिटांत आलीच मागोमाग. "एनेलेसी, या वेळी – म्हणजे – गेल्या वर्षीसारखं नाही ना होणार?"

"कसं?"

"ते... गुडघ्याचं."

हसू दाबत होती बिचारी. म्हटलं, हस बाई, लुआंग्वा नदीच्या दोन्ही काठांवर हसून झालंय, तूच राहिली होतीस.

एकदा लिहूनच टाकते. वर्षभर या वहीत त्याबद्दल एक ओळ नाही. गेल्या मे महिन्यात पायी सफारीच्या गाइडची परीक्षा दिली. लेखी पास. झाडं, पक्षी, पावलांचे माग, लेंड्या – सगळ्यात पास. मग शेवटचं, प्रत्यक्ष चालणं. पुढे बंदूकवाला रक्षक, मग मी, माझ्यामागे पाहुण्यांच्या जागी परीक्षक. समोर साठ पावलांवर रानम्हशींचा कळप. सगळं नीट चाललं होतं. आणि मागून मुख्य परीक्षक सिलुंगवेसाहेबांनी विचारलं, "वारा कुठून आहे?" सत्तरीला टेकलेले गृहस्थ. माझ्या वडिलांच्या वयाचे, बांबो म्हणजे बाबा म्हणावं असे.

मी वळले. गुडघे टेकले. नजर खाली घातली. मोठ्यांशी बोलताना वाजवतात तसे तळवे हलके वाजवले आणि म्हटलं, "पूर्वेकडून आहे, बांबो."

रानम्हशींकडे पाठ करून!

कागदावर त्यांनी एवढंच लिहिलं – ज्ञान उत्तम, धोक्याकडे पाठ केली, नापास. बरोबरच लिहिलं. मी काही ठरवून केलं नव्हतं. गुडघ्यांनी केलं. चाळिशी उलटलेले गुडघे, ते कोणाला विचारून थोडेच वाकतात.

१५ एप्रिल

नवऱ्याला सांगितलं. दामियानो रंधा मारत होता, थांबला नाही. "कर," म्हणाला. थोड्या वेळाने – "मोठ्यांना कोण सांगणार?"

मोठे म्हणजे त्याचे वडील. माझे सासरे. चाळीस वर्षं उद्यानात माग काढण्याची नोकरी केली त्यांनी. त्यांचं नाव मी कधी तोंडातून काढलं नाही, इथेही लिहिता येत नाही, पेन थांबतं. मामंजी म्हणते.

२१ एप्रिल

मामंजींना कळलंय. कोणी सांगितलं कोण जाणे. सकाळी मी अंगण झाडत होते तर ते आंब्याखालच्या शेळीशी बोलत होते. "काय गं, काही काही बायकांना घरात बसवत नाही, होय ना?"

शेळी काही बोलली नाही. मीही नाही. एकवीस वर्षं झाली लग्नाला, ते माझ्याशी असेच बोलतात – शेळीमार्फत, दाराच्या चौकटीमार्फत, एकदा तर घोंगावणाऱ्या माशीमार्फत. थेट बोलायचं नसतं. मी त्यांच्यापुढून चालायचं नसतं, त्यांच्यासमोर जेवायचं नसतं. त्यात वाईट काही नाही. पण शेळीला विचारलेल्या प्रश्नात राग होता की काय होतं, ते मला कळलं नाही. दिवसभर तेच डोक्यात.

२६ एप्रिल

रूथने नवं काम दिलं. पाहुण्यांना येण्याआधी पाठवतात तो सूचनांचा कागद. जुना शहरातल्या ऑफिसने केलेला – 'आरामदायक कपडे आणावेत' वगैरे. "तूच लिही," म्हणाली, "परीक्षेत निघण्याआधी पाहुण्यांना हेच सांगावं लागतं, तयारी होईल."

मी अकरा वर्षं पाहुण्यांच्या चहा-सामानाची पिशवी घेऊन रांगेच्या शेवटी चालले. पाहुणे मला पाठमोरेच माहीत आहेत. पण पाठ खोटं बोलत नाही. कोण घाबरलंय, कोणाला टाच चावतेय, कोण कोणाशी भांडून आलंय – पुढच्या गाइडला हे कधी दिसत नाही. मला सगळं दिसतं.

म्हणून मनात येईल तसं आधी इथे लिहून बघते.

नवे बूट घालून येऊ नका. घरी महिनाभर वापरा, मग आणा. तीन वर्षांपूर्वीच्या त्या पांढऱ्या केसांच्या बाई – टाचेतून रक्त येत होतं आणि नवऱ्याची सहल बिघडू नये म्हणून तोंडातून शब्द नाही. मी चहाच्या निमित्ताने त्यांना मागे थांबवलं, फडकं फाडून पट्टी बांधली. त्या रडल्या. पायासाठी नव्हे, असं मला वाटलं.

काळं आणि गडद निळं नको. त्सेत्से माशी नेमकी त्यावरच येते, जाड कापडातूनही चावते. पांढरं नको, लांबून दिसतं. धुळीचा रंग, वाळल्या गवताचा रंग. अत्तर नको.

लोकरी टोपी आणा. यावर कोणी विश्वास ठेवत नाही! आफ्रिका म्हणजे ऊन, असंच डोक्यात. जूनमध्ये, आमच्या हिवाळ्यात, पहाटे उघड्या गाडीत दात वाजायला लागले की माझ्याकडे बघतात, जणू थंडी मी केली.

२८ एप्रिल

येसाया आला होता. माझा आतेभाऊ, उद्यानाचा रक्षक, बंदूक बाळगणारा. परीक्षेच्या दिवशी पुढे चालायला त्याचीच नेमणूक झालीय. आमच्याकडे मामे-आतेभावंडांनी एकमेकांना वाटेल ते बोलावं, रागवायचं नाही. तो ही परवानगी पुरेपूर वापरतो.

"म्हातारे, या वेळी चटई घेऊन जा. गुडघ्याखाली घालायला."

"तुझ्या डोक्यावर केस उरले असते तर तेच अंथरले असते."

मग जरा गंभीर झाला. "खरं सांगू? तुला जनावर जास्त कळतं, माझ्याहून. तुझी भानगड माणसांशी आहे."

खरं आहे. सिंहीण समोर आली तर माझी छाती धडधडते, पाय जागच्या जागी राहतात. म्हातारा माणूस मागे खोकला की पाय आपोआप वाटेच्या कडेला होतात.

५ मे

सराव. येसाया बायकोचं पांघरूण अंगावर घेऊन, काठी टेकत माझ्यामागे चालतो. खोकतो. "सूनबाई, वारा कुठून गं?" असं किरट्या आवाजात विचारतो. मी वाकले की बाभळीची शेंग डोक्यात मारतो.

आज अकरा शेंगा.

७ मे

नऊ.

१२ मे

कागदाचा पुढचा भाग. रूथला पहिला आवडला. "हे तर कोणीतरी बोलतंय असं वाटतं," म्हणाली.

सामान मऊ पिशवीत आणा. लहान विमानात कडक पेटी मावत नाही, आणि पंधरा किलोच्या वर घेत नाहीत. हिवतापाच्या गोळ्या घरून निघण्याआधी सुरू करायच्या असतात – डॉक्टरना विचारा, शेजाऱ्याला नको. दुर्बीण प्रत्येकाची वेगळी हवी. दुर्बिणीवरून भांडलेली नवरा-बायको मी इतकी पाहिली आहेत, आणि बिबळ्या तेवढ्यात निघून जातो.

तंबूत फळ ठेवू नका. एक संत्रंसुद्धा नको. हत्तीला वास येतो आणि त्याला तंबूची चेन उघडता येत नाही, तो आपल्या पद्धतीने उघडतो.

पळू नका. काहीही झालं तरी पळू नका. इथे जो पळतो तो खाण्यासाठी असतो, असं सगळ्या जनावरांना त्यांच्या आयांनी शिकवलंय.

चालताना बोलायचं नाही. काही सांगायचं असेल तर चुटकी वाजवा. लघवीला जायचं असेल तर लाजू नका, आधी सांगा – झुडपामागे दुसरं कोणी बसलेलं नाही ना, ते बघणं माझं काम.

आणि काही विचारायच्या आधी नमस्कार करा. 'सिंह कुठे आहे?' हा नमस्कार नव्हे. आधी कसे आहात विचारा, उत्तर ऐका, मग सिंह.

हे शेवटचं रूथ काढून टाकेल बहुतेक.

१३ मे

नाही काढलं. पहिल्या ओळीत नेलं!

१७ मे

तीन शेंगा. येसायाची बायको म्हणते, पांघरूण परत दे, धूळ किती लागलीय.

मामंजी आज शेळीला म्हणाले, "पूर्वी आम्ही राख जवळ ठेवायचो. आता लोकांना काय, वारा असाच कळतो वाटतं."

मी चुलीतली राख चाळून जुन्या मोज्यात भरली. झटकली की बारीक धूर निघतो, वारा कुठे जातो ते दिसतं. मग विचार केला – टोमणा होता की सांगणं होतं? या माणसाचं एवढ्या वर्षांत मला काही कळलं नाही.

२२ मे

परवा परीक्षा. जेवण जात नाही. दामियानोने कपेंटा मासळी तळून दिली, माझ्या आवडीची, टोमॅटो घालून. मक्याच्या न्शिमाचा गोळा हातात तसाच राहिला.

तो म्हणाला, "या वेळी नाही जमलं तर?"

तर पुन्हा नाव देता येणार नाही. दोनच संधी. मग उरलेली वर्षं चहाची पिशवी. त्यात कमीपणा नाही, अकरा वर्षं मी आनंदाने वाहिली. पण आता मला ती पाठमोरी माणसं नकोत. मला त्यांच्याकडे वळून सांगायचंय – हे बघा, हे माझं रान.

२४ मे

नीट, सगळं लिहिते.

सकाळी उद्यानाच्या फाटकाशी गाडी थांबली. सिलुंगवेसाहेब उतरले, त्यांच्यामागून आणखी दोन परीक्षक. म्हणाले, "या वर्षी पाहुणा म्हणून गावातला एक माणूस घेतलाय."

आणि मागच्या सीटवरून काठी आधी, मग माणूस उतरला.

मामंजी.

येसायाने माझ्याकडे पाहिलं. मग उगाच बंदुकीचा पट्टा नीट करत बसला. रान समोर, आणि मला सासऱ्यांच्या पुढे चालायचंय. त्यांना आज्ञा द्यायच्यात. थेट. नावाने नसल्या तरी तोंडावर.

कोणी सुचवलं असेल हे? एवढा दुष्टपणा?

निघण्याआधीचं बोलणं आलं. मी त्यांच्याकडे पाहूच शकेना. दोन परीक्षकांच्या बुटांकडे बघत सुरुवात केली – आणि बुटांनी मला वाचवलं. एकाचे कोरे करकरीत होते. म्हटलं, "हे आज चावतील, साहेब. चावले की लगेच सांगा, शूरपणा नको." तो हसला. मग माझा आवाज मला सापडला. एक रांग. शांतता. चुटकी. पळायचं नाही. मी थांबले की थांबायचं. मी सांगेन तेच करायचं, "मग तुम्ही कोणीही असा." हे शेवटचं वाक्य माझ्या कागदावर नव्हतं.

निघालो. येसाया, मी, मामंजी, मग बाकीचे. माझ्यामागे बरोब्बर तेच! त्यांची काठी माझ्या पावलाशी पाऊल टाकत होती. पहिली शंभर पावलं पाय मला कडेला ओढत होते. शपथेवर सांगते, ओढत होते. मी पायांना मनात म्हटलं, आता नाही, घरी गेल्यावर.

तासाभराने आटत चाललेल्या तळ्याच्या काठी आलो. गवत अजून छातीएवढं. येसायाचा हात वर गेला. डावीकडच्या झाडीतून हत्तीण बाहेर आली, तिच्या पायांत पिल्लू. चाळीस पावलं, कदाचित कमी. राखेचा मोजा झटकला. राख आमच्याकडे आली. म्हणजे तिला आमचा वास नाही. उजवीकडे मोठं वारूळ. मी हाताने खूण केली – सगळे वारुळामागे, हळू.

सगळे सरकले. मामंजी सोडून.

ते रांगेतून बाहेर पडले. माझ्या बाजूने पुढे, दोन पावलं, तीन पावलं, उघड्यावर. काठीवर दोन्ही हात ठेवून हत्तिणीकडे बघत उभे. आपल्याच अंगणात उभे राहावं तसे.

मी म्हटलं, "मामंजी, थांबा. माझ्या मागे या."

ऐकलं नाही. किंवा ऐकलं आणि हलले नाहीत.

मी पुढे झाले आणि त्यांचं मनगट धरलं. सासऱ्यांचं मनगट! सुकलेल्या फांदीसारखं होतं, आणि गरम. धरलं, मागे घेतलं, माझ्या पाठीशी उभं केलं. "इथेच," म्हटलं. "हलायचं नाही."

हत्तिणीने सोंड वर केली. कान पसरले. आणि तेवढ्यात मागून सिलुंगवेसाहेबांचा आवाज – तोच, गेल्या वर्षीचाच प्रश्न. "वारा कुठून आहे?"

माझी नजर हत्तिणीवर होती. गुडघे ताठ होते. मी म्हटलं, "तिच्याकडून आपल्याकडे. आता बोलू नका."

मुख्य परीक्षकाला! मागे वळूनसुद्धा न बघता!

पिल्लू आईच्या पोटाखालून निघालं, पाण्याशी गेलं, सोंडेचं काय करायचं ते न कळून तोंडानेच प्यायलं. आईने कान मिटले. आम्ही वारुळामागून एकेक पाऊल मागे घेत निघून आलो. त्यांना कळलंही नाही की आम्ही होतो. चांगली भेट ती हीच.

परत येताना मला रानाचा वास येत होता, धुळीचा, रानतुळशीचा. इतकी वर्षं मी दुसऱ्यांनी तुडवलेलं गवत पाहिलं. आज उभं गवत पाहिलं.

मामंजी फाटकाशी गाडीत बसून निघून गेले. शेळी जवळ नव्हती, त्यामुळे काही बोलले नाहीत.

२५ मे

पास.

२६ मे

पुन्हा लिहिते, बघायला बरं वाटतं. पास. पास. रूथने मला उचललं – खरोखर उचललं, मी काही हलकी नाही. येसाया म्हणाला, "म्हातारे, आता तुझ्यापुढे चालायला मला लाज वाटेल." मी म्हटलं, मग मागे ये, चहाची पिशवी रिकामीच आहे.

२९ मे

गावभर झालंय. सुनेने सासऱ्याचा हात धरला. दामियानोची आत्या झेलिता खास पायपीट करून आली.

"धरलास?"

"धरला."

"आणि 'हलायचं नाही' असं म्हणालीस?"

"म्हणाले."

ती म्हणाली, "मला चाळीस वर्षांत एकदा म्हणायचं होतं त्याला. माझा भाऊ असून जमलं नाही." आणि अंगावरच्या कापडाचं टोक तोंडाला लावून हसायला लागली. पण जाताना दटावून गेली – रीत ती रीत, कोंबडी घेऊन जा आणि माफी माग.

३० मे

कोंबडी नेली. अंगणात गुडघे टेकले – इथे मात्र टेकले, आणि मनापासून टेकले. टाळ्या वाजवल्या. मामंजी दाराच्या चौकटीकडे बघत म्हणाले, "कोंबडी बरी आहे." मग चौकटीलाच म्हणाले, "वारूळ योग्य निवडलं होतं."

बस, एवढंच. माफ केलं की नाही, ते चौकटीला विचारावं लागेल.

९ जून

आज पहिल्यांदा खरे पाहुणे घेऊन गेले. सहा जण. सहाच्या सहा धुळीच्या रंगाचे कपडे! जुने बूट! लोकरी टोप्या! माझा कागद वाचून आले होते. एक उंच म्हातारे गृहस्थ पुढे आले आणि म्हणाले, "नमस्कार. आपण कशा आहात?" – आणि थांबले, उत्तराची वाट बघत. मी बरी आहे म्हटलं. मग डोळे मिचकावून, "आता सिंह विचारू का?"

सिंह दिसला नाही. कोणी कुरकुरलं नाही. गवताचं बी वाहून नेताना मुंग्यांनी केलेला रस्ता पाहत अर्धा तास बसलो.

आज माझ्यामागे सहा माणसं होती आणि एकाचीही पाठ मला दिसली नाही. चेहरे असतात त्यांना. सुंदर असतात.

१६ जून

सिलुंगवेसाहेब परवान्यावर सही करायला कॅम्पवर आले होते. चहा दिला. सही झाल्यावर मला राहवलं नाही. म्हटलं, बांबो, रागावू नका, पण सासऱ्यांना माझ्यामागे आणायचं कोणी सुचवलं? फार कठोर होतं ते.

त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "डिसेंबरच्या पावसात आला होता तो माझ्याकडे. रस्ते बंद होते, तीन दिवस चालत आला. म्हणाला, सून माझी तुमच्यापुढे वाकली म्हणून तुम्ही तिला नापास केलंत. वाकायला तिला आम्ही शिकवलं. ती पुन्हा नाव देईल तेव्हा मला तिच्यामागे उभं करा, आणि ऐन वेळेला मी रांग मोडेन – तेव्हा तिने मला थांबवलं तर तिला पास करा."